गाण्यांची शिदोरी

 

घरातलं माणूस परगावी निघालं की आपल्याकडे शिदोरी बांधून देण्याची रीत आहे. भाकरी आणि ठेचा तर नेहमीचाच. पण बांधणारी माउली कोपऱ्यात एखादी अशी पुडी सरकवते, की जी जाणाऱ्यानं मागितलेली नसते. तिळकूट म्हणा, बोरकूट म्हणा. भूक भाकरीनं भागते. पण माणूस आठवण काढतो ती त्या न मागितलेल्या पुडीची.

आपल्या आवडीची गाणी निवडून, ओळीनं लावून दुसऱ्याला देणं हीदेखील एक शिदोरीच आहे. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हजारो गाणी मावतात. एक बोट लावलं की गाणं या गावाहून त्या गावाला जातं. देणं सोपं झालं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाणं जातं आणि त्याचं नावगाव मागं राहतं. कोणी गायलं, कोणी लिहिलं, कुठून आलं, याचा पत्ताच नाही. आज मला बोलायचं आहे ते याविषयी.

एक घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू मुंबईला गिरणीत होते. 1981 सालच्या दिवाळीत त्यांनी मला एक कॅसेट पाठवली. कॅसेट हा प्रकार युरोपात 1963 साली निघाला आणि पुढं आपल्याकडे घरोघर पोचला. त्या काळी शहरात आणि तालुक्याच्या गावीही कॅसेट भरून देणारी दुकानं असत. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि आठ दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. तेव्हा पाचसहा गाणी काय निवडायची याचा विचार करावाच लागे. दादांनी पहिल्या बाजूला सगळी ओळखीची गाणी भरली होती. दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, एक लावणी होती. खरखर एवढी, की तव्यावर मोहरी तडतडावी. पण त्या खरखरीतून एका बाईंचा आवाज असा वर येई, की ऐकणारा हातातलं काम थांबवी. कागदावर दादांनी फक्त एवढंच लिहिलं होतं : जुनी तबकडी. चुकून कोणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरची दोन्ही टोकं त्यांनी मोडून ठेवली होती. गाणं त्यांनी जपलं. पण त्या बाईंचं नाव? ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आता दादा नाहीत. पुष्कळ जाणकारांना मी ती लावणी ऐकवली. कोणाला सांगता आलं नाही.

बरं, आपल्याकडे पहिल्यापासून असं होतं का? नव्हतं. 1902 साली कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीनं गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. तेवढ्यातही शेवटी त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कसं कळावं? म्हणून ही युक्ती. सोय कारखान्याची झाली. पण आज सव्वाशे वर्षांनंतरही त्या गाण्याला आपलं नाव आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही, की गाणं द्याल तेव्हा गायकाचं, कवीचं आणि चाल लावणाराचं नाव बरोबर द्या. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. निदान पुढचा माणूस शोध तरी घेईल.

आता दुसरी गोष्ट. निवड कशी करायची? इथं मी आमच्याच घरातलं उदाहरण देतो. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आपल्याच महाराष्ट्रातले, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. लोकांनी उत्तम संगीत ऐकावं या हेतूनं त्यांच्या काळात सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीवर कात्री लागली. हेतू चांगला होता, पण झालं काय? श्रोत्यांनी रेडिओची खुंटी फिरवली आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथं अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि ती घराघरात गेली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली आणि सिनेमाची गाणी पुन्हा घरात घेतली. सांगायचं काय, की नुसतं पथ्याचं वाढलं तर पाहुणा ताटावरून उठतो. आणि नुसतं गोडधोड वाढलं तर त्याला नवी चव कळत नाही. म्हणून दहा गाण्यांत सहासात ओळखीची असू द्या आणि तीनचार अनोळखी. मात्र अनोळखी गाणं ओळखीच्या शेजारी बसवा. पंगतीत नवख्या माणसाला आपण जाणत्याच्या शेजारी बसवतो ना, तसं.

उदाहरणच घ्या. गदिमांनी लिहिलेलं आणि सुधीर फडक्यांनी चाली लावलेलं गीतरामायण कोणाला ठाऊक नाही? 1955 च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं वर्षभर प्रसारित झाली. आज आपल्या कानात बसलेला आवाज बहुधा बाबूजींचा असतो. पण मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशी कितीतरी मंडळी गायली होती. बाबूजींच्या आवाजातलं एक गीत द्या आणि मूळ प्रसारणातलं एखादं मिळालं तर ते लगेच पाठोपाठ लावा. ऐकणारा कान टवकारील. तसंच गाजलेल्या एखाद्या लावणीशेजारी सुंदराबाई जाधवांची जुनी तबकडी लावा. तबकड्यांच्या जमान्यात त्यांचं नाव मोठं होतं. प्रभातच्या 1939 सालच्या ‘माणूस’ चित्रपटात नायकाची आई त्यांनीच केली. आज त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता तिसरी गोष्ट, आणि ही खास गुरुजी आणि बाईंसाठी. सर्वांत दुर्मिळ गाणं दुकानात मिळत नाही, ते आपल्याच गावात असतं. गावात पिठाची गिरणी आली, आयाबायांच्या खांद्याचे कष्ट वाचले, हे फार चांगलं झालं. पण जातं थांबलं तशी जात्यावरची ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. एवढं काम होऊनही तुमच्या गावातल्या आजीची ओवी त्यात असेलच, असं नाही. ती आजी आज आहे. उद्याचं कोणी सांगावं?

तेव्हा एवढं करा. मुलांना सांगा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं एकेक गाणं फोनवर उतरवून आणा. आधी परवानगी विचारा. मग गौहर जानची युक्ती वापरा. गाणं संपलं की आजींना म्हणावं, ‘आजी, आता तुमचं नाव सांगा, गाव सांगा, माहेर सांगा. हे गाणं कोणाकडून शिकलात आणि कोणतं काम करताना म्हणत होता, तेही सांगा.’ आजी आधी लाजतील. पदर तोंडाशी नेतील. मग बोलू लागतील आणि तुम्हांलाच थांबवावं लागेल! असा आवाज दोन ठिकाणी ठेवा, कारण फोन हरवतो, फुटतो. नावं वहीत लिहा. महिन्यातून एकदा शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना अर्ध्या तासाची शिदोरी बांधू द्या : चार गाणी सर्वांच्या ओळखीची, एक जुन्या तबकडीचं आणि एक गावातल्या आजीचं. प्रत्येक गाण्याआधी एका मुलानं उभं राहून दोन वाक्यांत त्याची ओळख करून द्यायची. मात्र ही गाणी विकायची नाहीत, बरं का. दुसऱ्याच्या कष्टाचा बाजार मांडायचा नाही.

माझ्या कॅसेटमधल्या त्या बाईंचं नाव मला कधी कळेल असं वाटत नाही. त्यांचा आवाज मी पुढं देत असतो आणि दर वेळी ‘नाव माहीत नाही’ असं लिहिताना ओशाळतो. तुमच्या गावातल्या बाईंचं नाव विचारायला अजून वेळ आहे. आज दिवेलागणीला घरी गेलात की विचारा.