उलटा पेला आणि विहिरीचा पंप

मंडळी, आज आपण एक गंमत करू. गंमत आहे खरी, पण तिच्यात कामाची गोष्ट आहे.

हा काचेचा पेला. तो आम्ही पाण्याने काठोकाठ भरला. वर एक पोस्टकार्ड ठेवले. त्यावर तळहात दाबून धरला आणि पेला सावकाश उलटा केला. आता हात काढून घेतो. पाहा, पाणी सांडले का? नाही! घरी कराल तेव्हा खाली परात ठेवा, म्हणजे झाले.

कोणी म्हणेल, ही जादू आहे. कोणी म्हणेल, मंत्र आहे. तसे काही नाही बरे का. हे काम हवेचे आहे.

हवा डोळ्यांना दिसत नाही. पण तिलाही वजन आहे. आपल्या डोक्यावर हवेचा थर कित्येक मैल उंच आहे. त्या वजनामुळे हवा सगळीकडून दाबते. वरून दाबते, बाजूने दाबते आणि खालूनही दाबते. एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर हा दाब सुमारे १ किलोचा असतो. पेल्यात पाणी पाव किलो. कार्डाला खालून हवेचा रेटा ३० किलोहून जास्त. मग पाणी पडेल कसे? ओले कार्ड काठाला घट्ट बसते, म्हणून हवा आत शिरत नाही. कार्ड जरा सरकले, हवा आत शिरली, की पाणी भसकन खाली!

हीच हवा आपल्या विहिरीवर राबते. पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप नळातली हवा काढतो. मग बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाबते आणि पाणी नळातून वर ढकलते. नळाला चीर पडली, तर पंप हवा धरतो. पाणी येत नाही.

पण हवेच्या जोरालाही मर्यादा आहे. इटलीतल्या टॉरिचेली या शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दाखवून दिला. हवा पाण्याला फार तर १० मीटर, म्हणजे ३३ फूट उंच ढकलते. प्रत्यक्षात पंपाला २०-२५ फूटच साधतात.

उन्हाळ्यात पाणी खोल जाते. काठावरचा पंप कोरडा फिरतो. माणूस घाबरतो. कर्ज काढून जास्त ताकदीचा पंप आणतो. तरी पाणी येत नाही! पीक वाळते, कर्ज मात्र उरते. अहो, पंप मोठा आणला म्हणून हवेचा जोर थोडाच वाढतो? पंप खाली, पाण्याजवळ बसवावा. नाहीतर पाण्यात बुडणारी मोटार घ्यावी. ती पाणी खालून वर लोटते.

म्हणून आम्ही सांगतो, पैसे मोजण्याआधी दोरी मोजा. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा. पंपापासून पाणी किती फूट खाली आहे, ते पाहा. तो आकडा वहीत लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते ना!