घर दाखविणारा माणूस



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, सीमाप्रश्न, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विवेचन झालेले आहे. मी मात्र आज जागेच्या एका दलालाविषयी बोलणार आहे. कार्यवाहांनी विषय दोनदा विचारून घेतला, आणि मीही तो दोनदा सांगितला.

मराठीच्या अध्यापकाने आरंभ शब्दापासून करावा, हे ओघानेच आले. 'दलाल' हा शब्द अरबी. त्याच्या मूळ धातूचा अर्थ दाखविणे, वाट सांगणे असा आहे. 'दलील' हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे दलाल तो, जो दाखवितो. मराठीत येऊन या शब्दाची पत उतरली. आज एखाद्याला दलाल म्हणणे ही माहिती राहिलेली नाही, ती शिवी झाली आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांनीही या माणसाला दाराबाहेरच उभे केले. सावकाराला निदान खलनायकाचा मान मिळाला, दलालाला तोही नाही.

दुसरा शब्द आपल्या बेळगावचा. व्यवहार ठरला की पुण्याकडे विसार देतात, आपण 'संचकार' देतो. तो आपल्याकडे कन्नडच्या शेजाराने टिकला; मूळ मात्र संस्कृत 'सत्यंकार', म्हणजे बोललेले खरे करणे. सत्यंकार देऊन पक्का केलेला व्यवहार मोडला, तर ती रक्कम दुप्पट परत करावी, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. आणि त्या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विख्यात टीका ज्या कल्याण नगरीत लिहिली गेली, ती बिदर जिल्ह्यातील आजची बसवकल्याण. इतका जुना आणि इतका जवळचा हा शब्द आपण मुद्रांक कागदावर लिहितो आणि पुढे जातो.

माझ्या मनात जे गृहस्थ आहेत त्यांना सारी गल्ली अण्णा म्हणत असे. शहापुरात एका किराणा दुकानाच्या पायरीवर त्यांची बैठक होती. कचेरी नाही, पाटी नाही. एक लांबट वही, आणि सुतळीत ओवलेल्या किल्ल्यांचा जुडगा. भाड्याचे बिऱ्हाड शोधण्याच्या निमित्ताने 1978 साली मी त्यांच्याकडे प्रथम गेलो, तेव्हा त्यांनी मला घर दाखविलेच नाही. प्रश्न विचारले. घरात म्हातारे माणूस आहे काय, जिना चढवेल काय, मुले कोणत्या शाळेत घालणार, रात्री जागून वाचता की पहाटे उठता? हा शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला. पुढे कळले की त्यांच्या मनातील एका घरमालकांना दहा वाजता ओसरीवरचा दिवा मालवायची सवय होती.

"घर दुपारी बघू नका सर," ते म्हणाले, "पाणी सोडायच्या वेळेला बघा की. रंग काय, कवापण बघता येतोय."

ज्यांनी त्या काळचे बेळगाव पाहिले आहे त्यांना यातील शहाणपण सांगावे लागणार नाही. राकसकोपचे पाणी नळाला केव्हा आणि किती येते, परसातील विहीर उन्हाळ्यात तळ गाठते काय, यावर संसाराचे सुख अवलंबून असे. चोवीस तास पाण्याची योजना 2008 च्या सुमारास काही प्रभागांत आली, ती फार नंतर. घराचे दोष ते आधी सांगत. पश्चिमेच्या भिंतीला आषाढात ओल येते, कौले फिरवायला झाली आहेत, नाल्याकडच्या घरात मागच्या पावसात पाणी कुठवर चढले होते, हे सारे ते बोट ठेवून दाखवीत. ऑगस्ट 2019 मध्ये शहराच्या सखल भागांत पाणी शिरले तेव्हा अण्णा हयात नव्हते. पण ज्या भिंतीवर त्यांनी मला एकदा बोट ठेवून दाखविले होते, ती भिंत पाण्यात उभी होती. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 55 व्या कलमानुसार, खरेदीदाराच्या सहज ध्यानात न येणारे महत्त्वाचे दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. अण्णांनी ते कलम वाचलेले असण्याचा संभव नव्हता. एका दिवसात दोनापेक्षा अधिक घरे ते दाखवीत नसत. "तिसरं बघितलं की माणूस पहिलं विसरतंय," असे त्यांचे म्हणणे.

आता कागदांविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्या भागात घरापेक्षा कागद कठीण. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. परिणामी एकाच घराचे वाटणीपत्र मोडी लिपीत, खरेदीखत बाळबोध मराठीत आणि उतारा कन्नडमध्ये, अशी तीन पिढ्यांची तीन रूपे एका पत्र्याच्या पेटीत नांदतात. नातवाला मोडी वाचता येत नाही, आजीला कन्नड वाचता येत नाही, आणि सही मात्र दोघांनाही करावयाची असते. अण्णा हे तिन्ही वाचीत. आजीला समोर बसवून उताऱ्यातील ओळ न् ओळ मराठीत सांगत, आणि मग तिलाच विचारीत, "काय कळलं ते मला सांगा बघू." वर्गात चाळीस वर्षे शिकविणाऱ्या माणसाला या प्रश्नाची किंमत कळते. आम्ही विद्यार्थ्यांना "कळले का?" एवढेच विचारतो, आणि ते "हो" म्हणतात.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार साऱ्या नोकरीची पुंजी घेऊन त्यांच्याकडे आले होते. शहराबाहेर शेतातील दोन गुंठे स्वस्तात मिळत होते, मालक मुद्रांक कागदावर लिहून देण्यास तयार होता. अण्णांनी उतारा मागविला. जमीन शेतीची, जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेती परवानगी नाही, आणि मालकाबरोबर त्याच्या तीन भावांची नावे. अण्णांनी व्यवहार करण्यास नकार दिला. हवालदार संतापले, दलालाने गिऱ्हाईक परत पाठवावे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. दोन महिन्यांनी ते पुन्हा त्याच पायरीवर आले आणि वडगावात दोन खोल्यांचे जुने, पण स्वच्छ कागदांचे घर घेऊन राहिले. अण्णांना मिळालेली दलाली आधीच्या व्यवहाराच्या निम्मीही नव्हती.

ते दलाली दोन्हीकडून घेत. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर आपण त्यांना संत ठरवाल. पण घेतो हे दोघांच्या समोर सांगत, आणि किल्ली हातात पडल्याखेरीज घेत नसत. 1872 च्या करार कायद्यात म्हटले आहे की आपल्या कामात गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीला त्या कामाच्या मेहनतान्याचा हक्क राहत नाही. अलीकडे 2016 चा स्थावर संपदा कायदा आला. नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका आणि भूखंड विकून देणाऱ्या एजंटांना आता नोंदणी करावी लागते, खोटी विधाने करता येत नाहीत. चांगले झाले. गल्लीतील भाड्याच्या खोलीपर्यंत मात्र हा कायदा पोहोचत नाही. तेथे आजही पायरीवर कोण बसला आहे, यावरच सारे ठरते.

शेवटी 1986 सालाविषयी. त्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाने शहर तापले होते. आपणांपैकी अनेकांनी त्यात भाग घेतला, अण्णांचा पुतण्याही होता. त्याच पावसाळ्यात धारवाडकडील एक परिचारिका आपल्या लहान मुलीसह जागा शोधीत आली. तिला मराठी येत नव्हते. आमच्या गल्लीतील तीन घरमालकांनी जागा नसल्याचे सांगितले, जागा होती. चौथे घर एका वृद्ध मराठी बाईंचे. अण्णा त्यांना म्हणाले, "वहिनी, मोर्चा सरकारवर आहे. हिच्या पोरीला ताप आहे." वहिनींनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "भाडं वेळेवर देईल काय?" अण्णा म्हणाले, "नाही दिलं तर माझ्याकडनं घ्या."

ती मुलगी पुढे वहिनींच्या ओसरीवर मराठी शिकली, आणि वहिनी तिच्याकडून कन्नड अक्षरे. मोडी, बाळबोध आणि कन्नड असे तिन्ही कागद असलेली त्यांची पत्र्याची पेटी पुढे त्या स्वतःच उघडून वाचू लागल्या. उताऱ्यावर दिराचे नाव चुकीचे लागले आहे, हे पहिल्यांदा त्यांच्याच ध्यानात आले, आणि दुरुस्तीचा अर्ज घेऊन कचेरीत जाताना त्यांनी बरोबर अण्णांना नेले नाही, त्या मुलीला नेले.