बोटांवर निभावलेलं

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

‘जिवावर आलं होतं, बोटावर निभावलं,’ असं आपण मराठीत सहज म्हणतो. स्कूटरवरून पडून नुसतं खरचटलं तरी म्हणतो. या म्हणण्यामागे शास्ताखान उभा आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शिवाजी महाराजांनी छापा घातला. खान निसटला, जीव वाचला, बोटं मात्र गेली. शाळेत हा धडा आला की आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. पण तलवार धरणाऱ्याच्या दृष्टीने त्यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. तलवारीच्या टप्प्यात सगळ्यांत आधी येतो तो समोरच्याचा हात. डोकं, छाती मागे असते. हात आपणहून पुढे आलेला असतो. प्रतापगडावरही सय्यद बंडाचा उगारलेला हात जिवा महालाने वरच्या वर उडवला, अशी हकीकत आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ म्हणतो. तिथेही हातच.

श्रोतेहो, मी आज हातमोज्यांवर बोलणार आहे. कवीने हातमोज्यांवर बोलावं याचं नवल वाटेल, पण गेलं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. माझा भाचा बदलापूरला राहतो, ठाण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी दोन हातांनी धरायची युरोपियन तलवार खेळतो. म्हणजे जुन्या काळची, पुस्तकातली तलवारबाजी. इटलीच्या फिओरे देई लिबेरीने १४१० च्या सुमारास, जर्मनीच्या योआखिम मेयरने १५७० मध्ये आपले डाव चित्रांसकट लिहून ठेवले. ते वाचून आज जगभरची मुलं ती विद्या पुन्हा उभी करताहेत. आपल्या उस्तादांनीही असं लिहून ठेवलं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं.

ही तलवार बोथट असते, टोक बोथट केलेलं असतं, पातं वाकतं. तरी ते दीड किलोच्या आसपास पोलाद आहे आणि लांबी सव्वाचार फूट. तुलना करायची तर भवानीदेवी तोक्यो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, ज्या सेबरने खेळली त्या शस्त्राचं वजन नियमाप्रमाणे ५०० ग्रॅमच्या आत असावं लागतं. त्या सेबरला हात झाकणारी वाटी असते, म्हणून तिथे एका हातात पातळ मोजा पुरतो. भाच्याच्या तलवारीला मुठीपुढे नुसती एक आडवी दांडी. वार पात्यावरून घसरला की थेट बोटांवर. आणि बोटाच्या मागे असते आपलीच मूठ. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसं बोट दोन्हींच्या मधे सापडतं.

हे सगळं तो पिशवीत घालून बदलापूर लोकलने नेतो. पिशवीत क्लबचं पत्र ठेव, ओळखपत्र ठेव, हे मी त्याला मोज्यांच्या आधी सांगितलं. आमच्या नावाच्या मुलाने लोकलमधून तलवार न्यायची तर कागद जवळ असलेले बरे. तो हसला. पत्र मात्र ठेवतो.

आपल्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला होता? त्यांनी हाताला मोजा घालण्याऐवजी तलवारीलाच घातला. युरोपातून आलेल्या लांब, सरळ पात्यांना आपण ‘फिरंग’ म्हटलं आणि त्यांना इथली मूठ बसवली. बोटांसमोर येणारी परज, हाताभोवती रुंद लोखंड आणि आत कापडाची जाड गादी, म्हणजे लोखंडाला बसलेला दणका बोटांना लागू नये. पातं फिरंग्यांचं आणि हाताची काळजी आपली! दांडपट्टा तर त्याच्या पुढचा. त्यात मूठ दिसतच नाही. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. बोटांना कुणी शिवू शकत नाही. पण त्याची किंमत मनगटाने मोजलेली असते. मनगट वळत नाही. सगळं काम कोपर, खांदा आणि कमरेचं. म्हणून पट्टेवाला जागच्या जागी फिरतो, उड्या घेतो. कोल्हापूरचे मर्दानी खेळ पाहताना हा नाचरेपणा शोभेसाठी आहे असं वाटतं. तो शोभेचा नाही, बंद मनगटाचा आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला तेव्हा त्याच्या पात्याबद्दल लोक भरभरून बोलले, खोबणीबद्दल कमी.

मोज्यांची सगळी अडचण हीच आहे. जितकं झाकाल तितकं हाताला कमी कळतं.

आम्ही मोजे शोधायला निघालो ते अर्थात उल्हासनगरला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकत आमची पिढी मोठी झाली. तिथे काय मिळत नाही? क्रिकेटचे मिळाले. त्यांचं भरीव बोटांच्या पाठीवर असतं, कारण चेंडू समोरून येतो. तलवार बाजूने येते, खालून येते, बोटांच्या टोकावर येते. मोटरसायकलचे मिळाले, त्यांना बोटांच्या पेरांवर कडक कवच, बाकी नुसतं चामडं. अंबरनाथला कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात वेल्डिंगचे कोपरापर्यंतचे मोजे पाहिले. ते आचेसाठी. पोलादाच्या दणक्यापुढे चामडं म्हणजे कांद्याची साल. इथे दोन थर लागतात. वरचा कडक, जो दणका पसरवतो, आणि आतला मऊ, जो तो पिऊन टाकतो. एकट्याने दोघांपैकी कुणाचंच भागत नाही.

त्या दुकानात मला अब्बांची आठवण झाली. अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रिलवर होते. १९७८ साली त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, ते मोज्यामुळे. हात कापू नये म्हणून कारखान्यानेच सुती मोजे वाटले होते. फिरत्या ड्रिलने मोज्याचा धागा पकडला आणि मोज्यासकट हात ओढला. मोजा नसता तर कातडी सोलवटली असती, इतकंच. पत्रा उचलताना मोजा हवाच, फिरत्या मशीनवर नकोच. कोणत्या कामाला कोणता मोजा, हे न बघता दिलेलं संरक्षण हा नुसता देखावा असतो.

तेव्हा मी पहिल्यांदा एक तक्ता वाचला, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातला. कवितेच्या कुठल्याही पुस्तकाइतका तो माझ्या लक्षात राहिला आहे. कोणतं बोट गेलं की कमावण्याची ताकद किती टक्के गेली, ते त्यात मांडलं होतं. संपूर्ण तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं २०. आणि एकटा अंगठा ३०. अब्बांच्या हिशेबात २० टक्के आले. त्यांनी पुढे डाव्या हाताने जेवणाऱ्या माणसाची लाज सोसली, ती त्या तक्त्यात कुठे नव्हती. पण अंगठ्याचा आकडा खरा आहे. मोजा निवडताना मी भाच्याला तोच आकडा सांगितला. पहिला अंगठा बघ.

कारण जर्मन पद्धतीत अंगठा पात्याच्या सपाट अंगावर टेकवून काही वार करतात. जाड मोज्यात तो तिथे पोचतच नाही. मग मुलं ‘हालचाल हवी’ म्हणून अंगठ्यावर हलकं कवच असलेला मोजा घेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात प्लास्टर घालून येतात. पाच बोटांचा मोजा सुटसुटीत, पण बोटांच्या फटी राहतात. खेकड्याच्या नांगीसारखा, बोटं दोन-दोन एकत्र करणारा, त्याहून बरा. सगळी बोटं एकाच कवचात घेणारा सगळ्यांत भक्कम आणि सगळ्यांत अवजड. माझं मत विचाराल तर नव्या खेळाडूने शेवटचाच घ्यावा. नवख्याला आपला हात सांभाळता येत नाही आणि त्याच्या जोडीदाराला आपली तलवार आवरत नाही. एका हाताच्या, वाटीच्या मुठीच्या तलवारीला हलका मोजा चालतो. दोन हातांच्या पोलादी तलवारीला नाही.

दुकानात नुसती मूठ आवळून काही कळत नाही. तलवार हातात धरूनच बघावं. दोन्ही हात डोक्यावर न्यावे आणि मनगटाशी उघडं पडतं का ते दुसऱ्याला बघायला सांगावं. बोटांची टोकं टोपीने झाकलेली हवीत. मोजा सैल असेल तर कवच फिरतं आणि नेमक्या वेळी बोटाच्या बाजूला जाऊन बसतं. मोठा मोजा घेऊन ‘पुढे होईल’ म्हणायला हा शाळेचा बूट नाही.

असे चांगले मोजे बाहेरून येतात. पंधरा-वीस हजार रुपये आणि वर कस्टम. भाच्याच्या गटात मुलं सहा आणि जोड्या दोन. घामाने भिजलेला मोजा काढून एकाने दुसऱ्याला द्यायचा. त्या वासाबद्दल मी नभोवाणीवर बोलत नाही. बाकीची मुलं तोवर संथ खेळतात, वार थांबवून. हे मला आवडलं. पैसे नाहीत म्हणून उघड्या हाताने जोरात खेळायचं, ही मर्दानी नाही.

भाच्याला शेवटी एक जुनी जोडी मिळाली, मनगटाचा पट्टा तुटलेली. तो उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या एका कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने डेनिमचे चार पदर घालून पट्टा बसवला, पैसे घ्यायला तयार नव्हता. तलवार कुठे चालते एवढंच विचारलं. जाताना ती एकदा हातात धरून बघितली.

मोजे घरी आणले तेव्हा अब्बांनी ते मागितले. ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. नातवाने उजवा मोजा त्यांच्या हातात चढवला. दोन बोटांचं कवच आत रिकामं राहिलं, वरून काही कळत नव्हतं. अब्बांनी मूठ उघडली, मिटली. मग डाव्या हाताने अंगठ्याच्या बुडाशी चाचपलं.

“ही शिवण उसवलीय,” ते म्हणाले. “खेळायच्या आधी परत ने त्याच्याकडे.”