वेदीपाशी सोडलेले अर्पण



संमेलनाध्यक्षाने साहित्यावर बोलावे अशी रीत आहे. मी भक्तीवर बोलणार आहे, कारण आपले बरेचसे मराठी ख्रिस्ती लेखन भक्तीच्याच आवारात जन्मले. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, ते गोव्याच्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत, ओवीच्या चालीवर ऐकता यावे म्हणून. कवी ना. वा. टिळकांची गीते आजही रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून म्हटली जातात. भक्तीतच खोट असेल, तर आपल्या शब्दांत ती उतरल्याशिवाय कशी राहील?

मनापासूनची भक्ती कोणती, असे विचारले की आपण आधी आवाजाकडे पाहतो. कुणाला हात उंचावून, रडून केलेली प्रार्थना खरी वाटते. कुणाला मिस्साचा शांत, ठरलेला विधी. दोघेही एकमेकांना नाके मुरडतात. मला या वादाचा कंटाळा आला आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली ओक्साबोक्शी रडत प्रार्थना करत होत्या, आणि त्याच आवारात दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना पंडिता रमाबाई हाताला काम शिकवत होत्या. त्या रडण्याची खोली मोजायचे माप माझ्यापाशी नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने दिलेली कसोटी मात्र मोजता येते. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना तुला आठवले, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. इतक्या वेळा ऐकले आहे की यातला धक्का आपल्याला जाणवत नाही. ऐकणारे गालीलचे, वेदी यरुशलेमेत. मधे काही दिवसांची पायपीट. म्हणजे वर्षाच्या सणाला एवढे चालून आलेल्या माणसाने अर्पण सोडायचे, गाव गाठायचे, भावाच्या दारात उभे राहायचे आणि पुन्हा तेवढेच चालत यायचे! कोणता याजक हे मान्य करील? शिवाय, माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे का, हा प्रश्नच नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध आहे का, हा आहे. माझे मन स्वच्छ आहे एवढ्यावर माझी सुटका होत नाही. देवाची भक्ती अर्धवट सोडायला देवच सांगतो, आणि ती सोडण्याची ज्याची तयारी आहे त्याचीच भक्ती मी मनापासूनची मानतो.

पौलाने करिंथच्या मंडळीला हेच सुनावले. तिथे प्रभुभोजनासाठी जमून सुखवस्तू लोक आधीच जेवून, पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. गाणी आणि प्रार्थना तिथे भरपूर होत्या. तरी पौल म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे.

आपल्या देशात या परीक्षेची तारीखही सांगता येते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतल्या मंडळ्यांना बजावले, की चर्चमध्ये जात चालणार नाही. तंजावर आणि मद्रासजवळच्या वेपेरीतले पुष्कळ लोक मंडळीच सोडून गेले. त्यांची श्रद्धा ढोंगी होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी आजारपणात, मरणात याच प्रभूला हाक मारली असणार. पण शेजारच्या ओठांना लागलेला पेला त्यांना चालेना. आणि हे ऐकून आपण महाराष्ट्रातल्यांनी मान ताठ करू नये. सोयरीक जुळवताना आपल्याही घरात काय विचारले जाते, ते आपल्याला ठाऊक आहे.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा, पण सोवळे-ओवळे आणि जातीचा ताठा त्याआधीच गळून पडला होता. माणसाशी समेट आधी, वेदी नंतर; येशूने सांगितलेला क्रम त्यांच्या आयुष्यात जसाच्या तसा दिसतो, आणि त्या तो उपदेशाचा आव न आणता, स्वतःला हसत सांगतात. त्यांचे पती ना. वा. टिळक तर १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ ही भक्तमंडळी मांडायला निघाले. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. ते फार काळ जगले नाहीत, १९१९ मध्ये गेले. दरबार पुढे विरला, याची चुटपुट मला आहे.

आता आपल्या लेखणीकडे येतो. आपली नवी गीते पाहा: मी, माझे पाप, माझे अश्रू, माझा तारणारा. भाऊ कुठे आहे? आपल्या साक्षी, आत्मकथने ‘मी ख्रिस्ताकडे कसा आलो’ इथे थांबतात; त्यानंतरच्या तीस वर्षांत मंडळीत काय झाले, ते कुणी लिहीत नाही. चर्चच्या जमिनींवरून कोर्टात चाललेले दावे, पंच निवडताना पडलेले तट, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून एकच गीत म्हणणारे आणि दाराबाहेर एकमेकांना ‘सलाम’ न करणारे सख्खे भाऊ, हे सगळे आपण जेवणाच्या पंगतीत बोलतो आणि कागदावर टाळतो. मंडळीची बदनामी होईल म्हणतात. कथाकाराने असल्या भीतीला किती भाव द्यावा?

इथे नियतकालिकांचे संपादक बसले आहेत. नाताळ अंकासाठी गव्हाणीवरच्या कविता तुमच्याकडे ढिगाने येतील, त्या छापाच. पण यंदा एक कथा अशाही माणसाची मागवा, जो प्रभुभोजनाच्या रांगेतून बाहेर पडला आणि भावाच्या घराकडे चालू लागला. भावाने दार उघडले की नाही, ते लेखकाला ठरवू द्या.