परातीतले दागिने

आज मी तुम्हाला दागिने दाखवायला आले आहे. यात सोन्याचा कण नाही, पण हे घडवायला आम्हाला जवळजवळ दोन आठवडे लागले. हा मुकुट, हा हार, या मनगट्या आणि ही बासरी. सगळं साखर, तीळ, लवंगा, वेलची आणि मखाने यांचं आहे.

मी हैदराबादला राहते. नातवाची पहिली संक्रांत होती, म्हणून बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने मी गावाकडून मागवले. तेरा जानेवारीला खोकं आलं. उघडलं तर आत हलव्याचा चुरा आणि त्यात अडकलेले दोरे. मला रडूच आलं.

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं. परात काढ."

सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने त्यांनीच केले होते. नंतर बाजारात सगळं तयार मिळू लागलं आणि आम्ही त्यांना विचारणं सोडून दिलं.

आता कृती सांगते. आम्ही अर्धी वाटी निवडलेले तीळ घेतले. दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी उकळायला ठेवलं. त्यात चमचाभर दूध घातलं की मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारी करून गाळून घ्यायचा. गॅसच्या लहान शेगडीवर तवा, तव्यावर परात, परातीत तीळ. त्यावर चमचाभरच पाक घालायचा आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. तीळ कोरडे झाले की पुढचा चमचा. वाटीतला पाक घट्ट झाला तर थोडं पाणी घालून पुन्हा गरम करायचा.

मी पहिल्याच दिवशी घाई केली. आच वाढवली, दोन चमचे पाक एकदम ओतला आणि परातीत तिळाची ढेकळं झाली. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हलव्याला काटा यायला थंडी लागते आणि बसायला माणूस लागतो."

मग रोज पहाटे, पंखा बंद करून, आम्ही दोघी तासभर बसायचो. त्यांचा हात थरथरतो, म्हणून फिरवायचं काम माझं. बोट कुठे थांबवायचं ते त्या सांगायच्या. चौथ्या दिवशी दाण्यांवर बारीक, पांढरे काटे उभे राहिले. त्यांनी एक दाणा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत बसल्या.

ओवण्यासाठी काही सोप्या गोष्टी. लवंगा रात्रभर भिजवल्या की सुई सहज जाते. वेलची आणि मखाने तसेच ओवता येतात. हलवा बारीक असेल तर ओवू नका. पुठ्ठ्यावर काळं कापड लावून त्यावर मैद्याच्या खळीने चिकटवा. दागिने हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर ओल लागते आणि मुंग्या येतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. बाळाच्या अंगावर टाचणी लावू नका, नाडीने बांधा. लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालतं. तीळ, लवंग, बोर घशात अडकू शकतं. म्हणून फोटो झाले की दागिने लगेच उतरवा आणि डोक्यावरून ओतायला साधे चुरमुरे घ्या. बोरं, उसाचे करवे, हरभरे मोठ्या मुलांना लुटायला बाजूला ठेवा.

बोरन्हाणाच्या दिवशी बायका जमल्या. नातू काळं झबलं घालून पाटावर, सुनेच्या मांडीत बसला. सासूबाई मात्र आतच. सासरे गेल्यापासून त्या अशा प्रसंगी बाहेर येत नाहीत. आम्ही कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, पण "या" असंही कधी म्हटलं नव्हतं. बारा वर्षं.

माझी सून तेलुगू आहे. मुकुट माझ्या हातात होता. ती म्हणाली, "आई, दागिने आजींनी केलेत ना? मग त्याच घालतील."

खोलीत शांतता झाली. मी आत गेले आणि म्हटलं, "आई, तुमच्याशिवाय सुरू करायचं नाहीये." त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू देत."

त्या आल्या. थरथरत्या हातांनी त्यांनी मुकुट बांधला, थोडा वाकडाच. तो आम्ही सरळ केला नाही.

हलव्याचे दागिने फार टिकत नाहीत. हेही कधीतरी विरघळतील. पण परात घरात आहे आणि कृती आता मला येते. तुमच्या घरात हे करणारं कुणी असेल, तर या संक्रांतीला त्यांच्या शेजारी बसा. आणि त्यांना बाहेर बोलवा.