यंत्राच्या जागेपणाचा हिशेब



आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवीत असत. पाण्याने भरलेल्या घंगाळात, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी तरंगत सोडायची; ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. जोशीबुवा ती रिती करून पुन्हा सोडीत. वाटी बुडणे हा यात दोष नव्हे. ती बुडण्यासाठीच केलेली असे. घोटाळा व्हायचा तो बुवांना डुलकी लागली आणि किती वाट्या बुडाल्या हे सांगणारा कोणी उरला नाही म्हणजे! माझा आजचा विषय संगणकाचा असला, तरी तो या वाटीपासून फारसा दूर नाही.

बँका, टेलिफोन केंद्रे, विमानतळ येथील संगणक महिनोन्‌महिने अखंड चालतात. आपण चालू झाल्यापासून किती काळ लोटला, हे यंत्र स्वतःशीच मोजीत असते. भिंतीवर घड्याळ असताना हा उपद्‌व्याप कशाला, असे आपण विचाराल. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे कोणीही पुढेमागे करू शकतो. दोन घटनांमधले अंतर काढायचे तर कोणाचा हात न लागलेली मोजणीच हवी.

ही मोजणी ठराविक घरांत लिहिली जाते. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. पुष्कळ यंत्रांत अशी ३२ घरे असत. त्यांतून ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ निरनिराळे आकडे लिहिता येतात. संख्या मोठी खरी, पण सेकंदाला १०० टोले मोजू लागलो तर ४९७ दिवसांत ती संपते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. लिनक्स नावाच्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत हेच होई. सव्वा वर्षाहून अधिक काळ इमाने चाकरी केलेल्या यंत्राला विचारावे, तर ते म्हणे, मी आत्ताच जागा झालो! सेकंदाला १,००० टोले मोजले, तर वाटी ४९ दिवस १७ तासांतच भरते. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली त्या घटकेला गोठून जात, आणि हे उजेडात यायला १९९९ साल उजाडले. त्याआधी इतके दिवस एखादे यंत्र दुसऱ्या कारणाने बंद पडल्यावाचून राहिलेच नसावे, असा माझा आपला तर्क आहे.

इथवर हसण्यावारी नेता येते. पुढचे तसे नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात, सौदी अरेबियातील दाहरान येथे अमेरिकन सैन्याची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचा संगणक चालू झाल्यापासूनचा काळ दशांश सेकंदांत मोजीत असे. टोले तो बिनचूक मोजी. त्यांचे सेकंद करताना चुके. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू गेलो, तर तीनाची रांग जशी संपत नाही, तशी शून्य-एकाच्या लिपीत एक-दशांशाची रांग संपत नाही. यंत्राजवळ घरे २४. उरलेली शेपटी तोडून टाकलेली. ही तूट एका टोल्याला सेकंदाच्या कोट्यंशापेक्षाही थोडी कमीच. पण १०० तासांत टोले होतात ३६ लक्ष, आणि तूट साचते सुमारे एक-तृतीयांश सेकंद. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

चूक अज्ञात होती असेही नाही. इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच कळविले होते की, आठ तास सलग चालविल्यावर नेम ढळू लागतो. २१ तारखेला पेट्रियट वापरणाऱ्या तुकड्यांना संदेश गेला: यंत्र फार वेळ चालू ठेवल्यास दोष संभवतो. फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हते! इतका वेळ कोणी यंत्र चालू ठेवणारच नाही, असे वरिष्ठांनी गृहीत धरले होते. २५ फेब्रुवारीला ती यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ सलग जागी होती. आलेले स्कड तिने चुकीच्या जागी शोधले. ते सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ जण ठार झाले. दुरुस्त केलेली आज्ञावली दाहरानला पोहोचली ती २६ तारखेला.

यावर सोपा उपाय म्हणजे यंत्र मधूनमधून बंद करून पुन्हा चालू करणे. २०१५ साली बोइंग ७८७ विमानांच्या बाबतीत हेच सांगण्यात आले. त्यांच्या जनित्रांचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले, तर एकदमच काम थांबवून विमानाची वीज घालवू शकतील असे आढळले होते. म्हणून १२० दिवसांच्या आत वीज बंद करावी, असा हुकूम निघाला. (४९७ चे निम्मे किती होतात, ते आपण पाहावे.) तात्पुरता म्हणून उपाय ठीक, पण यात हिशेब दुरुस्त होत नाही, नुसती वही फाडून नवी सुरू होते. घरे ६४ केली, तर सेकंदाला १,००० टोले मोजूनही वाटी ५८ कोटी वर्षांत भरत नाही.

लिनक्सवाल्यांनी मात्र आणखी एक युक्ती केली, ती मला फार आवडते. त्यांच्या ३२ घरांच्या मोजणीचा आरंभ ते शून्यापासून करीतच नाहीत. वाटी जवळजवळ काठोकाठ भरूनच पाण्यात सोडतात. यंत्र सुरू होऊन पाच मिनिटे झाली की ती बुडते. ज्याच्या आज्ञावलीत खोट असेल, त्याला ती ४९७ दिवसांनी परक्या गावी नव्हे, तर स्वतःच्या मेजावर, समोरचा चहा निवण्यापूर्वीच दिसते.