न दिसणाऱ्या दानाचा हिशेब
(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इतवारीने आम्हांला हिशेब शिकविला. येथील सराफा ओळीतला वा किराणा ओळीतला व्यापारी नवी वही पूजतो, तेव्हा नफ्याबरोबर धर्मादायाचेही खाते मांडतो. आपल्यासारखी रुग्णालये या परंपरेवरच उभी आहेत. म्हणून स्त्रियांच्या कर्करोगासाठी निधी मागताना आम्ही आज हिशेबाच्याच भाषेत बोलू इच्छितो.

खाट दिली की ती दिसते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. जनजागृती, तपासणी आणि संशोधन यांसाठी दिलेला पैसा मात्र दिसत नाही. जिला रोग झालाच नाही, तिच्या दारावर कोणती पाटी लावावी? त्यामुळेच या खात्यात जमा नेहमी कमी पडते.

परंतु या खात्याचा ताळेबंद आपल्याच महाराष्ट्रात मांडला गेला आहे. १९९९ साली तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या आणि खर्चाचा भार गेट्स प्रतिष्ठानच्या देणगीने उचलला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानवी पॅपिलोमा विषाणूची एकदाच चाचणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, त्याहून किंचित लहान गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

या ताळेबंदाला ऋणाची बाजूही आहे. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा नैतिक आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो गंभीर आहे. त्या ६४ भगिनींमुळे जे ज्ञान मिळाले, ते आपण वापरले नाही तर ते ऋण बुडविल्यासारखे होईल.

हे ज्ञान महागडेही नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून तपासणीस पाठविले. साधन होते सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधला तोच आंबट घटक. तो गर्भाशयमुखास लावून पेशींतील बदल डोळ्यांनी पाहावयाचे. बारा वर्षांत मृत्यूदर ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीलाही २०२२ साली परवानगी मिळाली.

मग अडते कोठे? घराच्या उंबरठ्याशी. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, स्तनातील न दुखणारी गाठ, या गोष्टी आपली आई-बहीण संकोचाने सांगत नाही. 'दुखत नाही ना, मग दिवाळीनंतर पाहू' असे म्हणते. दुखू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. उपचारांसाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे; पण तेथवर वेळेत पोहोचविणारी वाट आपल्या वस्तीतूनच निघावयास हवी.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, आपल्या देणगीचा काही अंश तपासणी, जनजागृती व संशोधन यांसाठी नेमून द्यावा. त्यातून सेविकांचे प्रशिक्षण, शिबिरे आणि संशयित दोष आढळलेल्या स्त्रीचा पुढील तपासणीपर्यंतचा प्रवासखर्च भागेल. कारण दोष सांगून तिला घरी सोडून देणे ही सेवा नव्हे. रुग्णांच्या आप्तांनी पुढच्या खेपेस घरातील एका स्त्रीला तपासणीसाठी सोबत आणावे. ही देणगी कोणत्याही रकमेहून लहान नाही.

या दानाची पाटी कोठेही लागणार नाही. एखाद्या घरात आई दिव्यात तेल घालीत असेल, एवढीच त्याची पावती.